सहा सामने

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी संघाचे अकरा जण मैदानात असतात, पण गावात भांडणं होतात ती एकाच जागेवरून. क्वार्टरबॅकच्या. बाकीच्या दहांच्या जागी कोण आलं, कोण गेलं, याची चौकशी फार थोडे करतात. क्वार्टरबॅक जायबंदी झाला किंवा त्याचे ओळीने दोन सामने वाईट गेले, की मात्र दुकानाच्या रांगेत, बसमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, देवळाच्या पार्किंगमध्ये एकच विषय असतो: आता कुणाला उतरवायचं?

मी पिट्सबर्गमध्ये राहते. इथल्या स्टीलर्स संघाच्या नशिबात हा वाद पुन्हा पुन्हा आला आहे आणि दर वेळी सगळं गाव त्यात हिरिरीने उतरलं आहे. मीही उतरते. इतकी वर्षं तो ऐकून, त्यात भांडून माझं एक मत झालं आहे. ते पटवायचं तर मला तीन-चार माणसांची हकिगत सांगायला हवी.

त्याआधी, ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. एक चाल संपली की पुढच्या चालीसाठी ४० सेकंदांचं घड्याळ उलटं धावायला लागतं. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरमधून येत असतो, पण घड्याळात १५ सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. पुढचं सगळं त्याचं एकट्याचं. समोर कोण कुठे उभं आहे ते हेरायचं, आपल्या माणसांना ओरडून सांगायचं, चेंडू हातात आला की सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर यायच्या आत तो कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं. यासाठी मिळतात दोन-तीन सेकंद. फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडला तर ते इंटरसेप्शन. आपलाच गडी चुकीच्या दिशेला धावला म्हणून तसं झालं असलं, तरी ते क्वार्टरबॅकच्याच खात्यावर लागतं.

बाकीच्या बहुतेक जागांवर माणसं आलटूनपालटून खेळतात. राखीव गडीही सामन्यात दहा-पंधरा चालींपुरता आत येतो, चार गोष्टी शिकतो. राखीव क्वार्टरबॅकचं तसं नसतं. परदेश दौऱ्यावरच्या दुसऱ्या यष्टिरक्षकासारखं त्याचं आहे: पहिला धडधाकट असेपर्यंत याला पॅड बांधून बसण्यापलीकडे काम नाही.

त्याचा आठवडा कसा जातो, हे वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी लक्षात घेतलेलं असतं. सामना रविवारी असेल तर मुख्य सराव बुधवार ते शुक्रवार. त्यात रविवारी ज्या चाली खेळायच्या त्या जवळजवळ सगळ्या पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला येतात, कारण वेळ थोडा असतो आणि खेळणार तोच असतो. राखीव माणूस मुख्यतः काय करतो, तर पुढच्या रविवारी समोर येणाऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल. आपल्या बचावफळीला सराव व्हावा म्हणून तो दुसऱ्याच्या चाली खेळून दाखवतो, दुसऱ्याच्या लकबीने चेंडू फेकतो. आणि मग रविवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात, कुणाचं तरी कोपर जातं आणि याला सांगतात, हेल्मेट घाल. ज्या चाली त्याने आठवडाभर बाजूला उभं राहून पाहिल्या त्या आता साठ-पासष्ट हजार माणसांपुढे त्याला खेळायच्या असतात. त्याच्या पहिल्या दोन फेकींवर गावाचं मत बनतं, आणि एकदा बनलं की ते हलता हलत नाही.

२०१९ साली मी हे जवळून पाहिलं.

त्या वर्षी १५ सप्टेंबरला, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात, बेन रॉथलिसबर्गरचं फेकीच्या हाताचं कोपर गेलं. तो २००४ पासून इथला क्वार्टरबॅक. शाळेत जाणाऱ्या मुलांना दुसरा क्वार्टरबॅक म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या मागे उभा होता मेसन रुडॉल्फ. ओक्लाहोमा स्टेटचा, उंच, शांत, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या फेरीत घेतलेला. त्याच्याही मागे होता डेव्हलिन हॉजेस. अलाबामाच्या सॅमफर्डसारख्या छोट्या विद्यापीठातला, ड्राफ्टच्या सातही फेऱ्यांत कुणी न निवडलेला. ऑगस्टअखेर त्याला स्टीलर्सनीही काढून टाकलं होतं. मग दुसरा एक क्वार्टरबॅक जॅक्सनव्हिलला देऊन टाकला, तेव्हा माणूस कमी पडायला नको म्हणून याला सरावाच्या तुकडीत परत बोलावलं.

रुडॉल्फला चौथा सामना पुरा करता आला नाही. ६ ऑक्टोबरला बाल्टिमोरविरुद्ध त्याने पास सोडला आणि त्याच क्षणी अर्ल थॉमसचं हेल्मेट त्याच्या हनुवटीवर बसलं. तो जमिनीवर पडायच्या आधीच बेशुद्ध झाला होता, हे टीव्हीवरसुद्धा दिसत होतं. डॉक्टरांनी त्याच्या हेल्मेटची पुढची जाळी काढून टाकली. त्याला न्यायला आणलेली गाडी नीट चालेना. शेवटी दोन्ही बाजूंनी धरून त्याला चालवत बाहेर नेलं. जाळी नसलेल्या हेल्मेटातून दिसणारा त्याचा तो गोंधळलेला, कोवळा चेहरा मी विसरू शकलेले नाही. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. स्टेडियम गप्प होतं. आणि पुढच्या चालीला हॉजेस आत आला.

हॉजेस लहानपणी बदकांचा आवाज काढण्याच्या स्पर्धेत जगज्जेता ठरलेला मुलगा. अलाबामात शिकारीचं मोठं वेड, आणि लाकडी शिट्टी फुंकून बदकं जवळ बोलावायची कला तिथे मुलं शाळेच्या वयात शिकतात. एवढी गोष्ट पिट्सबर्गला पुरे होती. त्याचं नाव ‘डक’ पडलं. पुढच्या रविवारी कॅलिफोर्नियात चार्जर्सविरुद्ध तो पहिल्यापासून खेळला आणि स्टीलर्स २४-१७ जिंकले. ते मैदान मूळचं सॉकरचं, छोटंसं, आणि बघावं तिकडे पिवळे टॉवेल. ऐंशीच्या दशकात इथल्या पोलादाच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा माणसं कामाच्या शोधात देशभर पांगली. जाताना संघाचं प्रेम घेऊन गेली. म्हणून स्टीलर्सना परगावीही घरच्यासारखी गर्दी मिळते. (तो पिवळा टॉवेल मायरन कोप या रेडिओ समालोचकाने १९७५ मध्ये सुचवला. १९९६ मध्ये त्याने टॉवेलचे हक्क अपंगांची काळजी घेणाऱ्या अ‍ॅलेगेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. एका टॉवेलमागे एवढं चांगलं काम उभं आहे, हे प्रत्येक नव्या पिट्सबर्गकराला मी आवर्जून सांगते.)

आमच्या शेजारी शाळेच्या बसवर चालक म्हणून काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्या शरद ऋतूत त्यांनी कुठूनशी बदकाची शिट्टी आणली. रविवारी सकाळी दारापुढच्या पायरीवर बसून ते ती फुंकायचे, आणि पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी तशाच शिट्टीने उत्तर द्यायचं. रुडॉल्फ बरा होऊन परतला होता, त्याने ओळीने तीन सामने जिंकूनही दिले होते. पण शिट्ट्या थांबल्या नाहीत. रुडॉल्फचा एक पास चुकला की यांचं ठरलेलं वाक्य: डकला उतरवा.

मी विचारायची, का? हॉजेसचा हात रुडॉल्फइतका लांब जात नाही, हे तर उघड दिसतं. ते म्हणायचे, पोरगा घाबरत नाही.

१४ नोव्हेंबरला क्लीव्हलंडमध्ये रुडॉल्फने चार इंटरसेप्शन दिली. सामना संपायला काही सेकंद उरले असताना क्लीव्हलंडच्या माइल्स गॅरेटने त्याचं हेल्मेट ओढून काढलं आणि तेच त्याच्या डोक्यावर मारलं. डोक्याला पहिला मार बसून सहा आठवडेही झाले नव्हते. त्यानंतरच्या सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्यात तो चाचपडत खेळला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोच माइक टॉमलिनने त्याला बसवलं. हॉजेसने आल्याआल्या ७९ यार्डांचा टचडाउन पास फेकला, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार गेला आणि गुण मिळाले. तो पकडणारा जेम्स वॉशिंग्टन हा रुडॉल्फचा ओक्लाहोमा स्टेटपासूनचा जोडीदार. कॉलेजात वर्षानुवर्षं हाच लांबचा पास या दोघांनी मिळून खेळलेला, आणि आता रुडॉल्फ तो कडेला उभा राहून बघत होता.

तोवरचा हिशोब बघा. रुडॉल्फने आठ सामने सुरू केले होते, त्यातले पाच संघाने जिंकले होते. मधल्या काळात तो एकदा मैदानावर बेशुद्ध पडला, एकदा डोक्यात हेल्मेट खाल्लं. आमच्या गल्लीच्या लेखी मात्र त्याचा निकाल लागलेला होता.

डिसेंबरचे पहिले दोन सामने हॉजेसने जिंकले. मग बफेलो इथे आलं आणि त्याने चार इंटरसेप्शन दिली. पुढच्या रविवारी न्यू जर्सीत न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध आणखी दोन, तेव्हा त्याला बसवून रुडॉल्फला आणलं. रुडॉल्फचा जम बसला, टचडाउनही झाला, आणि त्याचा खांदा गेला. पुन्हा हॉजेस. शेवटचा सामनाही गेला. आठ विजय, आठ पराभव, प्लेऑफ म्हणजे बाद फेरी नाही. शेजाऱ्यांची शिट्टी गॅरेजमध्ये गेली. जानेवारीत ते मला म्हणाले, दोघांतही दम नव्हता. त्यांचा मला राग आला. हॉजेसने एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, एकूण सहा सामने सुरू केले, त्यातले तीन जिंकले, आणि २०२२ मध्ये खेळ सोडून तो गाण्याकडे वळला. कुणी न निवडलेल्या, एकदा काढून टाकलेल्या मुलाने आयत्या वेळी उभं राहून केलेली ती कामगिरी आहे. दम नव्हता म्हणायला जीभ रेटते कशी?

हे मी काकांपाशी बोलले. काका म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळातले सगळ्यांचे काका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वेस्टिंगहाउसमध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्या काळी वेस्टिंगहाउसने बरेच भारतीय इंजिनिअर इथे आणले; १९७६ साली पेन हिल्सच्या टेकडीवर व्यंकटेश्वराचं देऊळ उभं राहिलं त्यामागे त्या पिढीचे कष्ट आहेत. त्याच देवळाच्या पायऱ्या उतरताना काकांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, तू रुडॉल्फचं काय घेऊन बसलीस? तू गिलियम पाहिला नाहीस.”

जो गिलियम मी नंतर शोधून शोधून वाचला. पण पहिल्यांदा ऐकला तो काकांच्या तोंडून, थंडीत, गाडीच्या दाराशी उभं राहून.

१९७४ च्या उन्हाळ्यात खेळाडूंचा संप झाला. संपामुळे जुने खेळाडू आले नाहीत, गिलियम मात्र सरावाला आला आणि हंगामापूर्वीचे सामने त्याने असे काही गाजवले की कोच चक नोलने त्याला पहिला क्वार्टरबॅक नेमलं. त्याआधी ही जागा होती टेरी ब्रॅडशॉची. ब्रॅडशॉ म्हणजे १९७० च्या ड्राफ्टमधला देशातला पहिला क्रमांक. तिसरा दावेदार टेरी हॅनरेटी, इथून जवळच्या बटलर गावचा, नोत्र दामचा नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे घरचा मुलगा. तिघे तीन तऱ्हेचे, आणि गावाचेही तीन तट. काका सांगतात, दुपारी जेवणाच्या टेबलावर जागा कुणाशेजारी मिळाली यावर त्या दिवशी कुणाची बाजू ऐकायची ते ठरायचं. काकांना तेव्हा खेळाचे नियमही पुरते कळत नव्हते, पण गिलियमबद्दल बोलताना काही माणसांचा आवाज बदलतो एवढं कळत होतं.

कारण गिलियम कृष्णवर्णीय होता. १९७० मध्ये दोन लीग एक झाल्या त्यानंतर हंगामाचा पहिलाच सामना सुरू करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. तोपर्यंत प्रशिक्षकांमध्ये सर्रास समज होता की काळी मुलं धावतील, पकडतील, अडवतील, पण विचार करायची ही एक जागा त्यांना झेपायची नाही. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कित्येकांना एनएफएलमध्ये येताच दुसऱ्या जागी हलवलं जाई. गिलियम नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेटचा. त्याचे वडील तिथेच कोच. जेफरसन स्ट्रीट हा तिथल्या काळ्या वस्तीचा मुख्य रस्ता, आणि यालाही लोक ‘जेफरसन स्ट्रीट जो’ म्हणत. १९७२ च्या ड्राफ्टमध्ये (तेव्हा फेऱ्या सातांहून जास्त असत) त्याचं नाव पुकारलं गेलं ते थेट अकराव्या फेरीत.

पहिल्या सामन्यात त्याने बाल्टिमोर कोल्ट्सना ३०-० असं धुतलं. दुसऱ्यात डेन्व्हरशी ३५-३५ अशी बरोबरी झाली. त्यात त्याने ५० पास फेकले. तिसऱ्या सामन्यात ओकलंडने ०-१७ असं हरवलं, ३१ पैकी फक्त ८ पास लागले. त्यानंतर ओळीने तीन विजय. क्लीव्हलंडविरुद्धचा त्यातला शेवटचा जेमतेम मिळालेला: १८ पैकी ५ पास. सहा सामने, चार विजय, एक बरोबरी, एक पराभव. संघ गटात सर्वांत पुढे. आणि सातव्या सामन्याला त्याच्या जागी ब्रॅडशॉ.

त्या सहा आठवड्यांत त्याला शिव्यांची आणि ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती.

इथे मला नोलवर अन्याय करायचा नाही. काळ्या क्वार्टरबॅकला पहिला सामना देण्याची हिंमत त्याच माणसाने दाखवली. छोट्या काळ्या कॉलेजांमधून खेळाडू शोधून आणायला स्टीलर्सनी बिल नन या कृष्णवर्णीय पत्रकाराला नेमलं होतं, आणि तो संघ त्याच बळावर उभा राहिला. नोलला चेंडू धावत पुढे न्यायचा होता, गिलियमला फेकायचा होता. कोचचं न ऐकणारा क्वार्टरबॅक कुठलाच कोच फार दिवस ठेवत नाही. पास लागेनासे झाले होते हेही खरं. त्या हंगामात ब्रॅडशॉलाही मध्ये एकदा बसवलं होतं. तेव्हा हॅनरेटीला एक सामना मिळाला, त्याचे १५ पैकी २ पास लागले आणि तरी स्टीलर्स जिंकले, इतकी त्यांची बचावफळी भक्कम होती. मग पुन्हा ब्रॅडशॉ, आणि १२ जानेवारी १९७५ ला मिनेसोटाला १६-६ असं हरवून स्टीलर्सचं पहिलं सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद. पुढच्या पाच वर्षांत आणखी तीन. या गावात कुणालाही विचारा, नोलचा निर्णय बरोबर होता असंच सांगतील.

पण ब्रॅडशॉचं पहिलं वर्ष कसं होतं? १९७०: सहा टचडाउन, चोवीस इंटरसेप्शन. पुढच्या वर्षी आणखी बावीस. लोकांनी त्याची हुर्यो उडवली, तो बुद्धीने मंद आहे असं छापून आलं, त्याने खूप सोसलं. तरीही त्याला ती वर्षं मिळाली. चार हंगाम चुकत चुकत तो तयार झाला, आणि एवढं झाल्यावरही जागा पुन्हा चालून आली. गिलियमला सहा सामने मिळाले. १९७५ नंतर तो एनएफएलमध्ये खेळला नाही. पुढे व्यसन, बेघरपण. सुपर बोलच्या अंगठ्या गहाण पडल्या. नंतर तो सावरला, नॅशव्हिलमध्ये मुलांना फुटबॉल शिकवू लागला. २००० सालच्या नाताळच्या दिवशी तो गेला. पन्नाशी पुरी व्हायला चार दिवस होते.

कोण चांगला, यावर लोक रात्ररात्र भांडतात. माझ्या मते कोण चांगला हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं. खुद्द कोचलाही नसतं. आपण ठरवत असतो ते एवढंच, की कुणाच्या किती चुका पोटात घालायच्या. ड्राफ्टमध्ये पहिला आलेला असेल तर चार वर्षं. त्याच्यावर पैसा लावलेला असतो, आणि तो वाया गेला असं कबूल करायला संघमालक तयार नसतो. तिसऱ्या फेरीतला असेल तर आठ सामने. कुणीच न निवडलेला असेल तर तो जिंकतोय तोवर. आणि माणूस काळा असेल, साल १९७४ असेल, तर जिंकत असतानाही सहा. या मोजमापाचं गुणांशी फारसं नातं नाही. राखीव माणसाबद्दल गावाला जो उमाळा येतो तोही याच मोजमापाचा भाग आहे. तो अजून चुकलेला नसतो म्हणून आवडतो, आणि चुकला की दोन रविवारांत नावडतो.

म्हणूनच रुडॉल्फचं पुढे जे झालं ते मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

२०१९ नंतर तो इथेच राहिला, बहुतेक बसून. २०२१ च्या नोव्हेंबरात डेट्रॉइटविरुद्ध आयत्या वेळी उतरवला गेला. भर पावसात १६-१६ बरोबरी झाली. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ त्याला एकही सामना सुरू करायला मिळाला नाही. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत केनी पिकेट आला, पिट्सबर्ग विद्यापीठाचाच, गावाचा लाडका. पिकेटच्या मागे मिच ट्रुबिस्की, आणि त्याच्या मागे रुडॉल्फ. २०२३ च्या वसंतात तो कुठेही जायला मोकळा होता, पण ठोस मागणी आली नाही. मे महिन्यात एका वर्षाच्या कराराने तो याच बाकावर परत बसला. तिसरा.

डिसेंबरात पिकेटच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. ट्रुबिस्की दोन सामने हरला. २३ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध रुडॉल्फ उतरला. आमच्या घरी त्या दिवशी मंडळाची आठ-दहा माणसं होती, काकाही होते, स्वयंपाकघरात मिसळ उकळत होती. दुसऱ्याच चालीला त्याने जॉर्ज पिकेन्सला मधोमध पास दिला आणि पिकेन्स ८६ यार्ड धावत गेला. घरात एकच ओरडा झाला. शेजारच्या गृहस्थांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू आला. ३४-११. त्यानंतर सिअ‍ॅटलमध्ये ३०-२३. मग बाल्टिमोरमध्ये धो धो पावसात १७-१०, आणि स्टीलर्स प्लेऑफमध्ये. तोवर पिकेट बरा होऊन आला होता, तरी टॉमलिनने रुडॉल्फलाच ठेवलं. चार वर्षांपूर्वी ज्याच्या प्रत्येक चुकलेल्या पासावर गल्लीत शिट्टी वाजायची त्याच्या नावाचे शर्ट स्ट्रिप डिस्ट्रिक्टच्या फुटपाथवर लोक मागून घेत होते.

त्या तीन सामन्यांत मी एकच गोष्ट निरखत होते. २०१९ चा रुडॉल्फ चेंडू हातात आला की ताठ व्हायचा. पहिला गडी मोकळा दिसला नाही तर त्याचे पाय जमिनीला चिकटायचे. २०२३ मध्ये तो छोटी छोटी पावलं टाकत राहायचा, खांदे सैल ठेवून, आणि लांबचा पास टाकताना जरा जास्तच उंच टाकायचा, जेणेकरून पकडणाऱ्याने त्याखाली धावत यावं. हे काही एका आठवड्यात येत नाही. बाकावर बसून, दुसऱ्यांच्या चाली खेळून, कुणी बघत नसताना ते आलेलं होतं. १५ जानेवारीला बफेलोत ते हरले, ३१-१७. बर्फाच्या वादळाने तो सामना एक दिवस पुढे ढकलावा लागला होता. स्टेडियमच्या पायऱ्यांवरचा बर्फ उपसायला गावातली माणसं फावडी घेऊन आली होती. मार्चमध्ये रुडॉल्फ टेनेसीला गेला, पिकेट फिलाडेल्फियाला. २०२५ मध्ये रुडॉल्फ परत इथे आला, पुन्हा राखीव म्हणून.

आणि मधल्या वर्षी, २०२४ मध्ये, मला जे सांगायचं आहे ते पुन्हा घडलं. रसेल विल्सन, पस्तिशीचा, सुपर बोल जिंकलेला, पहिला क्वार्टरबॅक ठरला होता. त्याची पोटरी दुखावली म्हणून जस्टिन फील्ड्स उतरला. वय पंचवीस, शिकागोने नको म्हटलेला. सहा सामने, चार विजय. पाच टचडाउन पास, स्वतः धावून आणखी पाच, आणि सगळ्या मिळून एकच इंटरसेप्शन. सातव्या सामन्याला विल्सन.

मी त्या आठवड्यात काकांना फोन केला. त्यांनी ‘हॅलो’ न म्हणता एवढंच म्हटलं, “सहा?”

या वेळी दोघेही कृष्णवर्णीय होते, त्यामुळे १९७४ चं विष यात नव्हतं. बाकी सगळं तेच होतं: एकाच्या नावावर जुनी पुण्याई, दुसऱ्याच्या नावावर चार विजय. विल्सनने जेट्सना ३७-१५ हरवलं आणि टॉमलिनवर टीका करणारे गप्प झाले. मग डिसेंबरच्या मध्यापासून संघ ओळीने पाच सामने हरला, प्लेऑफमधला बाल्टिमोरचा धरून.

काकांचं म्हणणं, टॉमलिनने केलं ते रास्तच केलं. फील्ड्सचे पास मैदानाच्या मधोमध जातच नव्हते आणि जानेवारीत तसलं चालत नाही. माझं म्हणणं, जिंकणाऱ्या पोराला जागेवरून उठवायचं नाही. त्याला आणखी चार-पाच सामने द्यायचे, चुकू द्यायचं, हरला तर हरू द्यायचं, आणि विल्सनला कडेला ठेवून त्याच्याकडून शिकवून घ्यायचं. पंचवीस वर्षांचा माणूस त्या पाच सामन्यांत काय झाला असता, हे बघायचा हक्क आपल्याला होता. काका म्हणतात, हंगाम सतराच सामन्यांचा असतो, त्यात प्रयोग कुठे करत बसायचे? मी म्हणते, ब्रॅडशॉवर चौदा-चौदा सामन्यांचे चार हंगाम केलेत ना.

त्यावर ते अजून उत्तर देतात. रविवारी एक वाजता सामना सुरू होईपर्यंत आमचं चालू असतं.